अळीमिळी गुपचिळी

आपल्याकडे दुखण्यांचाही मानपान ठरलेला असतो. पहिला पाट हृदयाचा. बायपास झालेला गृहस्थ पाहुण्यांसमोर शर्टाचं वरचं बटण स्वतःहून उघडतो, 'तीन ब्लॉक होते, एक तर नव्वद टक्के' असं सांगतो, आणि चहा गार होईपर्यंत विषय बदलायची कुणाची छाती होत नाही. त्याखालोखाल गुडघे. मधुमेह तर इतका घरचा झालाय की पंगतीत 'अर्धीच जिलबी वाढा, शुगर आहे' म्हणताना कुणाचा आवाज दबत नाही. वाढणारा ते ऐकतो आणि अख्खी वाढतो. पण लघवीचं काही निघालं की माणूस आधी मागे वळून पाहतो, खुर्ची पुढे ओढतो आणि म्हणतो, "जरा... त्या बाजूचा त्रास आहे." कुठली बाजू, ते आपण समजून घ्यायचं.

'त्या बाजूच्या' मंडळींत मानाचा पाट मिळवला तो एकट्या मुतखड्याने, आणि तोही आवाजाच्या जोरावर. मुतखडा रात्री दीड-दोनला उठतो. कुशीच्या जरा मागे सुरू होतो, जांघेकडे उतरतो, थोडा दम खातो आणि पुन्हा येतो. बसून बरं वाटत नाही, झोपून नाही, उभं राहून तर नाहीच. आयुष्यभर 'मला काही होत नसतं' असं ऐकवत आलेला पुरुष फरशीवर गडाबडा लोळतो आणि शेजारपाजारचे दिवे लागतात. बाळंतपण आणि मुतखडा दोन्ही भोगलेल्या बायका दुसऱ्याला झुकतं माप देतात, हे मी पुष्कळ जणींकडून ऐकलंय. त्यामुळे सर्दीने आडव्या झालेल्या नवऱ्याला जी सहानुभूती जन्मात मिळत नाही, ती मुतखडेवाल्याला न मागता मिळते.

शिवाय या दुखण्यात शेवटी हातात काहीतरी पडतं. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त बँक मॅनेजरांनी आपला खडा होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत कापसावर ठेवलाय. बाटली शोकेसमध्ये, नातवाच्या ट्रॉफीशेजारी. साडेचार मिलिमीटर. बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'एवढुसाच?' असं उमटलं की ते उठून सोनोग्राफीचा रिपोर्टही आणतात. त्यांना हसण्याआधी लंडनच्या सॅम्युअल पेपिसला आठवावं. हा मोठा रोजनिशीकार. 26 मार्च 1658 रोजी, भूल देणं अजून कुणाला माहीत नव्हतं तेव्हा, त्याला बांधून ठेवून त्याच्या मूत्राशयातला खडा काढला. टेनिसच्या चेंडूएवढा होता म्हणतात. गडी वाचला. मग दर वर्षी त्या तारखेला मेजवानी करायची असं त्याने ठरवलं, आणि खड्यासाठी खास पेटी करवून घेतली. आमच्या मॅनेजरसाहेबांचं निदान बाटलीवरच भागलंय.

हे काम किती जोखमीचं, ते जुन्या वैद्यांना पुरतं ठाऊक होतं. हिपोक्रेटिसच्या शपथेत, खड्यासाठी मी चिरफाड करणार नाही, ते त्यातल्या जाणकारांवर सोडेन, असं कलमच आहे. आपला सुश्रुत जास्त धीट. शिवणीच्या डाव्या अंगाला जवभर जागा सोडून चीर कशी द्यायची, बोटांनी खडा कसा पुढे आणायचा, सगळं सांगतो. पण शस्त्र उचलण्याआधी राजाची परवानगी घ्या असंही बजावतो. कारण काय, तर न केलं तर मरण नक्की, आणि केलं तर शंका. आज दवाखान्यात 'इथे सही करा, इथे, आणि मागच्या पानावर' म्हणून जो कागद पुढे सरकवतात त्याचा हा मूळपुरुष. फक्त राजाच्या जागी आता मेव्हणा सही करतो.

मेव्हण्याचं काम विमानवाल्यांनी बरंच सोपं केलं. जर्मनीतल्या डॉर्नियर कंपनीचे लोक अतिवेगवान विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूचं काय होतं याचा अभ्यास करत होते. त्यातून आघात-लहरी हाती लागल्या. फेब्रुवारी 1980 मध्ये म्युनिकमध्ये रुग्णाला पाण्याच्या टबात बसवून, बाहेरूनच लहरी मारून मूत्रपिंडातला खडा फोडला. चीर नाही, टाका नाही. आता दुर्बिणीने आत जाऊन लेझरनेही फोडतात. जाताना मूत्रवाहिनीत एक बारीक नळी ठेवून येतात, दोन्ही टोकांना इंग्रजी 'जे'सारखी वळलेली, म्हणून तिला डबल जे, म्हणजेच डीजे स्टेंट म्हणतात. गणपतीच्या दिवसांत 'बाबांना डीजे लावलाय' असं फोनवर सांगितलं तर पलीकडचा गोंधळतो, हे खरं. पण यातली काळजीची गोष्ट वेगळीच आहे. ती नळी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत, बहुधा काही आठवड्यांत, काढायची असते. दुखणं थांबलं की माणूस विसरतो, आणि विसरलेल्या नळीवरच नवा खडा चढतो. कळ गेली की कळकळही गेली. पुढे जे सांगायचंय त्याचं मूळ इथेच आहे.

त्याआधी टोमॅटोचा खटला. घरात खडा निघाला की पहिली गदा टोमॅटोवर, दुसरी दुधावर. टोमॅटो बिचारा बराचसा निर्दोष आहे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे, आणि ऑक्झलेट जास्त असतं ते पालकात, बिटात, अळूत. म्हणजे अळूचं फदफदं वाढून घ्यायचं आणि कोशिंबिरीतला टोमॅटो वेचून ताटाबाहेर काढायचा, हा न्याय आपल्याकडेच होतो. दूध बंद करणं तर उलटच पडतं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि बाहेर नेतं. ते मिळालं नाही की ऑक्झलेट मोकाट सुटून मूत्रपिंडात जातं. खरा आरोपी मीठ. मिठाने लघवीतलं कॅल्शियम वाढतं. पण मिठावर खटला भरायचा म्हणजे लोणचं, पापड आणि वर चिमूटभर घ्यायची सवय, सगळ्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं लागेल. तेव्हा टोमॅटो बरा.

कुळथाबद्दल मी काही बोलणार नाही. कुळथाचं पिठलं, वर लसणाची फोडणी आणि गरम भात समोर आला की खडा असो नसो, जेवावं. ज्याने खडा विरघळतो ते औषध कुठलं, हे खड्याच्या जातीवर ठरतं: युरिक ॲसिडचा खडा लघवी अल्कलीधर्मी केली तर विरघळू शकतो, कॅल्शियम ऑक्झलेटचा औषधाने विरघळत नाही. 5 मिलिमीटरपर्यंतचा बहुतेकदा आपला आपणच पडतो, आणि त्या आठवड्यात आपण जे काही पीत असू त्याला श्रेय जातं. कुणाचं कुळथाचं कढण, कुणाचं पानफुटीचं पान, कुणाची बिअर. बिअरने लघवी वाढते खरी, पण मागाहून शरीर कोरडं पडतं. मात्र 'डॉक्टरांनी सांगितलंय' म्हणून बायकोसमोर पिता येणारी ती एकच वस्तू असल्याने हा उपचार बंद पडेल असं वाटत नाही. पाण्याइतकं लागू काहीच नाही. ज्याला एकदा खडा झालाय त्याने दिवसाकाठी दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात तर घामातच निम्मं उडून जातं, म्हणजे पिण्याचा हिशोब आणखी वर न्यावा लागतो. लिंबू पिळलं तर उत्तम, त्यातलं सायट्रेट खडा धरू देत नाही. मीठ मात्र नको. इथे सरबतवाल्याशी पुन्हा भांडण.

'त्या बाजूची' सगळी मंडळी एका ठिकाणी पाहायची तर सोनोग्राफी सेंटरच्या बाकड्यावर बसावं. मूत्राशय भरलेलं असलं तर पोटातलं नीट दिसतं, म्हणून प्रत्येकाला पाणी प्यायला लावतात. हॉलमध्ये जो तो लिटरची बाटली हातात घेऊन येरझाऱ्या घालतो. काउंटरवरची मुलगी दर पाच मिनिटांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "प्रेशर आलं का?"

"येतंय."

"येतंय नको काका, आलं पाहिजे."

ज्या प्रश्नाला घरात सून सासऱ्यासमोर उभी राहत नाही, तो प्रश्न इथे तीस माणसांत विचारला जातो आणि तीस माणसं मनापासून उत्तर देतात. "मला थोडंसं आलंय." "यांना आत घ्या, यांना फार आलंय." एरवी एकमेकांच्या बाकाला टेकायची तयारी नसलेले लोक आपली पाळी दुसऱ्याला देतात. मग जिला खरोखर आलेलं असतं, ती बाई उठून दाराशी जाते आणि तेवढ्यात स्ट्रेचरवरून एक पेशंट तिच्या आधी आत नेतात. त्या बाईचा त्या वेळचा चेहरा पाहिला की संतांच्या सहनशीलतेबद्दल वाचायची गरज उरत नाही. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात 400 ते 500 मिलिलिटर आरामात मावतं. त्यापुढचं 'आरामात'मध्ये येत नाही. आत गेल्यावरही सुटका नसते. तपासून झालं की डॉक्टर म्हणतात, "आता जाऊन या, परत बघू." जाऊन आल्यावर आत किती शिल्लक राहिलं, ते पाहायचं असतं. साठीपुढच्या पुरुषांचं सगळं नाट्य या शिल्लकीतच आहे.

प्रोस्टेट ही ग्रंथी तरुणपणी जेमतेम 20 ग्रॅमची. मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली. पन्नाशीनंतर ती वाढायला लागते, आणि वाढायला जागा नेमकी तीच. ही वाढ बहुतेकांत कर्करोगाची नसते, पण वाट अडवते. मग उभं राहायचं आणि वाट बघायची. धार येते ती बारीक. थांबते. पुन्हा येते. संपली म्हणून वळावं तर संपलेली नसते. रात्री तीन-तीनदा उठणं होतं. सकाळच्या कट्ट्यावर या विषयाला थेट कुणी हात घालत नाही. एक जण म्हणतो, "हल्ली झोप लागत नाही हो." दुसरा म्हणतो, "माझीही मोडते." किती वेळा मोडते, हे बोटांनी दाखवतात. तिसरा विचारतो, "गोळी कुठली?" एवढ्यात कन्सल्टेशन पुरं होतं. अशा माणसाच्या डोक्यात शहराचा वेगळाच नकाशा असतो. त्याला लक्ष्मी रोडवरची दुकानं आठवणार नाहीत, पण कुठल्या मंगल कार्यालयात पुरुषांची सोय जिन्याखाली आहे आणि कुठल्या नाट्यगृहात मध्यंतराला रांग लागते, हे अचूक ठाऊक असतं. एसटीत तो कंडक्टरच्या मागची सीट धरतो. गाडी कुठेही थांबली की आधी तो उतरतो आणि चाक हलेपर्यंत सगळ्या गाडीचा जीव टांगणीला.

या त्रासाची मोजदाद करण्यासाठी अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने 1992 साली सात प्रश्नांचा एक तक्ता काढला, तो जगभर वापरतात. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण 35. यात जास्त गुण मिळवणाऱ्याचं अभिनंदन करायचं नसतं. सात प्रश्न धार, जोर, रात्रीचं उठणं वगैरे साधेच आहेत. पण शेवटी आठवा एक जोडलाय: तुमची लघवी आज आहे तशीच उरलेलं आयुष्यभर राहिली तर तुम्हाला कसं वाटेल? पर्याय सात, 'अत्यानंद'पासून 'भयंकर'पर्यंत. मला तो 'अत्यानंद' फार आवडतो. प्रोस्टेटच्या डॉक्टरकडे जाऊन तिथे खूण करणारा माणूस मला एकदा भेटायचाय.

अडवून धरायची किंमत काय असते, ते टायको ब्राहीला विचारावं. दुर्बीण निघायच्या आधी, नुसत्या डोळ्यांनी ग्रहांची स्थानं टिपून ठेवणारा हा खगोलवेत्ता. ऑक्टोबर 1601 मध्ये प्रागला एका उमरावाकडे जेवायला गेला. यजमान बसलेला असताना पाहुण्याने उठणं हे वाईट रीतीचं, म्हणून दाबून बसून राहिला. घरी आला तो लघवी तुंबलेलीच. अकरा दिवसांत गेला. हे लिहून ठेवलंय त्याच्या मदतनिसाने, योहान्नेस केप्लरने. आपल्याकडे चरकाने या बाबतीत किती आधी हुशारी दाखवली होती! सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात दाबून धरू नयेत असे तेरा वेग दिलेत, त्यांत पहिला मूत्राचा. शिंक, जांभई, अश्रू सगळे मागून येतात.

चरकाचं हे म्हणणं पुरुषांनी तरी शब्दशः पाळलंय. सगळं शहर त्यांचंच आहे. भिंतीवर 'येथे लघवी करू नये' लिहा, दंडाचा आकडा लिहा, गाढवाचं चित्र काढा. काही उपयोग नाही. शेवटी घरमालक ओळीने गणपती, साईबाबा आणि क्रूस अशा टाइल्स लावतो, आणि सर्वधर्मसमभावाचं ते एकुलतं एक दर्शन भिंत कोरडी ठेवतं. बायकांच्या वाट्याला मात्र भिंतही नाही. सकाळी कामावर निघताना पाणी प्यायचं नाही, दिवसभर घोट-घोट मोजून प्यायचं, घरी आल्यावर चपला काढायच्या आधी बाथरूम गाठायचं. हा नियम कंडक्टर बाई, हवालदार बाई, बाजारात पाटी घेऊन बसणारी, शाळेतली सातवीतली मुलगी, सगळ्या पाळतात. मुंबईत 2011 साली 'राइट टू पी' नावाने बायकांनी मोहीमच उभारली. मागणी काय, तर पुरुषांची मुतारी फुकट आणि आम्हाला पैसे, हे का? नाव ऐकून तेव्हा बरेच जण हसले होते. हसणारे कोण होते, हे सांगायला नको.

याची फळं शरीर भोगतं. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटर, पुरुषाचा 20 च्या आसपास. आतड्यातला ई. कोलाय हा जंतू एवढंसं अंतर सहज चालून जातो, आणि पाणी कमी, वर अडवून धरलेलं, म्हणजे त्याला राहायला घर आयतंच. जळजळ, सारखं जावंसं वाटणं, जाऊन थेंबभरच होणं. घरात याला 'उन्हाळी लागली' म्हणतात आणि धण्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, शहाळं सुरू होतं. साधी उन्हाळी असेल तर पाणी पोटात गेल्याने बरं वाटतंही. पण थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखायला लागलं, तर जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढलेत असं समजावं, आणि तेव्हा सब्जा भिजत घालत बसू नये. मागच्या वेळच्या पट्टीतल्या उरलेल्या दोन गोळ्या घेऊन टाकण्याची एक खास मराठी काटकसर आहे, तीही नको. उरल्या याचाच अर्थ मागच्या वेळीही कोर्स अर्धवट सोडला होता.

आणखी एक दुखणं आहे, त्याचा तर उच्चारच नाही. मुंबईत 1995 साली हास्यक्लब सुरू झाले आणि गावोगावच्या बागा सकाळी हास्याने दणाणू लागल्या. तिथे मागच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका हात वर करतात, तोंड उघडतात, पण आवाज काढत नाहीत. हसू येत नाही म्हणून नव्हे. जोरात हसलं, शिंकलं, खोकलं की थोडी लघवी होते. बाळंतपणांत ओटीपोटाखालचे स्नायू सैलावलेले असतात. 'वय झालं, चालायचंच' म्हणून कितीतरी जणी लग्नाला जाणं सोडतात, लांबचा प्रवास सोडतात आणि शेवटी हसणंही सोडतात. यावर अर्नोल्ड केगेल या डॉक्टरने 1948 साली व्यायाम सांगून ठेवलाय: लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे, सोडायचे, रोज, नेमाने. साधारण तीन महिन्यांत पुष्कळ जणींना फरक जाणवतो. चेहरा न हलवता, भाजी निवडताना, मालिका बघताना करता येणारा व्यायाम दुसरा नसेल. हास्यक्लबाने सुरुवातीची पाच मिनिटं याला दिली तर मागची रांग पुढे येईल असं मला वाटतं.

इथवर जी दुखणी आली ती निदान थोडीफार तरी बोलतात. खरा मुका निघतो तो सगळ्यांचा धनी, मूत्रपिंड. बरगड्यांच्या खाली, पाठीशी, दोन्ही बाजूंना एकेक. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, प्रत्येकात सुमारे दहा लाख गाळण्या. दिवसाला 180 लिटर पाणी यांच्यातून गाळलं जातं आणि आपण लघवी करतो दीड-दोन लिटर. बाकीचं कुठे जातं? परत रक्तात. म्हणजे दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचं सगळं खाली काढायचं, एकेक वस्तू हातात घेऊन बघायची आणि त्यातली नव्व्याण्णव टक्के पुन्हा वर ठेवायची, हा आपला घरोघरचा कार्यक्रम मूत्रपिंड वर्षाचे बाराही महिने करतं. फरक एवढाच की ते करताना कुणावर ओरडत नाही.

न ओरडणं हाच त्याचा मोठा दोष. मधुमेह आणि रक्तदाब या दोन पाट मिळवलेल्या पाहुण्यांनी वर्षानुवर्षं पोखरलं तरी दुखत नाही. निम्मी ताकद गेली तरी रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा पुष्कळदा 'नॉर्मल'च्या रकान्यात बसलेला असतो. त्यात गुडघ्यांच्या लाडापायी आपण महिनोन्‌महिने डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन गिळतो. गुडघा खूश, आणि बिल पाठीमागे जातं. पाय सुजतात, भूक जाते, दम लागतो, तेव्हा उशीर झालेला असतो. लघवीतून न दुखता रक्त गेलं तरी हाच प्रकार. दुखलं असतं तर माणूस पळाला असता. दुखलं नाही म्हणून 'बीट खाल्लं असेल' म्हणतो. बिटाने रंग येतो हे बरोबर आहे, पण तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्याने तरी हे प्रमाणपत्र स्वतःच स्वतःला देऊ नये. मूत्राशयाचा कर्करोग असाच, न दुखता येतो.

मूत्रपिंडं पुरती बसली की डायलिसिस. जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये 1943 साली विलेम कोल्फ या डॉक्टरने सॉसेज भरायचं सेलोफेन वापरून पहिलं चालणारं यंत्र जुळवलं. आजचं यंत्र देखणं आहे, पण आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार-चार तास बसूनही त्या दीडशे ग्रॅमवाल्याची बरोबरी होत नाही. रोज आठ ग्लास पाणी प्या, असा सकाळचा मेसेज जो पाठवतो त्याला हे माहीत नसतं की डायलिसिसवरचा माणूस घोट मोजून पाणी पितो, आणि आपण प्रेमाने नेलेलं शहाळं त्यातल्या पोटॅशियममुळे त्याच्या जिवावर बेतू शकतं. आजाऱ्याला भेटायला जाताना काय न्यावं? डायलिसिसवाल्याकडे गप्पा न्याव्यात.

आपल्या राजकारणाने या विषयावर एक नाट्यप्रवेश लिहून ठेवलाय, त्यावर अजून कुणी नाटक कसं लिहिलं नाही याचं मला नवल वाटतं. आणीबाणीत अटकेत असताना जयप्रकाश नारायण आजारी पडले. नोव्हेंबर 1975 मध्ये सुटून मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आले तेव्हा मूत्रपिंडं निकामी झालेली होती. त्यानंतर 8 ऑक्टोबर 1979 ला जाईपर्यंत ते डायलिसिसवर जगले. त्याच अवस्थेत त्यांनी 1977 ची निवडणूक गाजवली, आणि आचार्य कृपलानींबरोबर बसून पंतप्रधान निवडले ते मोरारजी देसाई. मोरारजींनी 1978 साली अमेरिकन टीव्हीवर जाऊन स्वमूत्रप्राशनाचे फायदे सांगितले. म्हणजे देशाचा एक नेता शरीराबाहेर जे जात नव्हतं ते यंत्राने बाहेर काढत होता, आणि त्यानेच निवडलेला दुसरा, जे बाहेर गेलं ते पुन्हा आत घेत होता. वैद्यकशास्त्राने मोरारजींची बाजू कधीच घेतली नाही. मूत्रपिंडाने एवढ्या कष्टाने वेचून टाकलेलं परत माळ्यावर कशाला चढवायचं, असं त्याचं म्हणणं. तरी मोरारजी 99 वर्षं जगले. मराठी माणसाचा त्यांच्याशी 1956 पासूनचा हिशोब वेगळा आहे, तो इथे काढत नाही.

मुक्या मूत्रपिंडाकडून काही काढून घ्यायचं तर एकच वाट आहे, लघवीची छोटी बाटली. ज्याला शुगर किंवा बीपी आहे त्याने वर्षाकाठी एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन बघून घ्यावं. गाळणी झिजायला लागली की अल्ब्युमिन बहुधा आधी झिरपतं, क्रिएटिनिन मागून वर चढतं. तपासणी काही फार महाग नाही, लाज तेवढी महाग आहे. ती बाटली लॅबच्या संडासातून काउंटरपर्यंत नेताना भल्याभल्यांची चाल बदलते. कुणी ती रुमालात गुंडाळतो, कुणी छत्रीआड धरतो. एक आजी ती डब्याच्या पिशवीत घालून आणतात आणि काउंटरवर आधी चुकून डबाच काढतात.

परवा तिथे एक काका आले. सत्तरीचे, इस्त्रीचा सदरा. काउंटरवरच्या मुलीने बाटली दिली, सांगितलं, "पहिली सोडायची, शेवटची सोडायची, मधली धार घ्यायची. अर्धी भरली तरी पुरे." काका आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. बाहेर आले तेव्हा बाटली रुमालात नव्हती की छत्रीआड नव्हती. सरळ हात लांब करून, सांडू नये म्हणून हळूहळू पावलं टाकत आणली आणि काउंटरवर ठेवली. काठोकाठ. झाकण लावायलाही जागा नव्हती.

मुलगी वैतागली. "काका, अर्धी सांगितली होती ना?"

"हो ना," काका म्हणाले. आवाज जराही खाली न आणता म्हणाले, "पण डॉक्टरांनी महिन्यापूर्वी गोळी बदलली, आणि आज धार लागली बघा. मध्येच थांबवायचं जिवावर आलं."

बाकड्यावरचे दोन म्हातारे एकदम पुढे वाकले. "गोळी कुठली?"